आंधळ्या सापाचा पत्ता

पावसाळ्यात अंगणातली कुंडी हलवली, की तिच्याखालून काळसर, चकचकीत, गांडुळासारखे काहीतरी वळवळत निघते. आपण त्याला गांडूळ म्हणून सोडून देतो, नाही तर साप म्हणून ठेचतो. तो असतो वाळा. मुंग्यांची अंडी आणि वाळवी खाणारा, बिनविषारी आंधळा साप! आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत असा एक वाळा बरणीत ठेवलेला आहे. तो कोठे सापडला, हे मात्र चिठ्ठीवर कोणी लिहिलेलेच नाही. मुले विचारतात, "सर, हा कुठला?" आणि सरांना गप्प बसावे लागते.

बिनपत्त्याच्या नमुन्यातून केवढे कोडे उभे राहते, हे पाहायचे असेल तर घटकाभर मादागास्कर बेटावर चला. १९०५ साली मोकार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तेथील एका आंधळ्या सापाचे वर्णन केले आणि त्याला 'टिफ्लॉप्स ग्रांदिदिएरी' हे नाव दिले. नमुने दोनच आणि पत्ता एवढाच : मादागास्कर. आता हे बेट महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. तेथे जमिनीखालचा बोटभर जाडीचाही नसलेला साप शोधायचा कुठे?

पुढे १९९६ साली तेच जुने नमुने पुन्हा तपासले गेले. तोंडाच्या टोकाचा खवला ताटलीसारखा वाटोळा आणि उभा, त्यावर बारीक बारीक उंचवटे. डोळे तर बाहेरून दिसतच नाहीत! हा आपल्या भाऊबंदांत बसत नाही, असे म्हणून त्याला वेगळी प्रजाती मिळाली : 'झेनोटिफ्लॉप्स', म्हणजे परका आंधळा. अखेर २००७ साली बेटाच्या अगदी उत्तर टोकाकडे तो सापडल्याचे प्रसिद्ध झाले. शंभर वर्षांनी पत्ता लागला! खवल्यांच्या मोजणीवरून त्याला आधी दुसरी जात मानले, पण २०१३ साली दोन्ही जाती एकच ठरल्या.

मधल्या काळात, २०१० साली, आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून त्याचे स्वतंत्र कुळच करण्यात आले. त्याच वेळी आणखी एक नवे कुळ मांडले गेले, त्यातले काही साप आपल्या दक्षिण भारतात राहतात. हे कसे? गोंडवन या प्राचीन महाखंडाला नाव मिळाले ते आपल्याच गोंडांच्या मुलखावरून. ते फुटल्यावर भारत आणि मादागास्कर बराच काळ एकमेकांना चिकटून होते. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी त्यांची ताटातूट झाली. या सापांचे पूर्वज त्या जोडभूमीवर नांदत असावेत, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तर्कच म्हणायचा, कारण हे कालमापन अंदाजाचे असते आणि आंधळ्या सापांच्या काही शाखा समुद्र ओलांडूनही गेल्या असाव्यात, असे तोच अभ्यास सांगतो.

म्हणजे पाहा, एका गुलाबी, गांडुळासारख्या जिवाच्या अंगात दोन भूखंडांच्या वाटणीचा कागद दडलेला आहे. आणि त्याचे ठाऊक असलेले घर उत्तरेकडच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरतेच! तेथली झाडी गेली, तर तो कागदही गेला.

तेव्हा वाचकहो, यंदा कुंडीखाली वाळा निघाला तर त्याला मारू नका. आणि कधी मेलेला सापडून कोणा अभ्यासकाकडे नेलात, तर गाव, जागा आणि तारीख तेवढी चिठ्ठीवर लिहा. आमच्या बरणीतल्या वाळ्याला त्याच्या गावाचे नाव आता कोणी देऊ शकत नाही.