पांढरी रेघ

साताऱ्यात समर्थ मंदिराचा चौक मागे पडला की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. सकाळी पावणेसातला मी तिथे पोचतो, साखळी मागच्या सर्वांत मोठ्या, ३४ दात्यांच्या चक्रावर आणतो आणि पायांशी एक बारीक गुणगुण सुरू होते. शिवणयंत्राला मोटर लावली की येतो तसा आवाज. कासच्या रस्त्यावरच्या एका गावात माझी शाळा आहे, घरापासून ११ किलोमीटर. त्यातला मधला मोठा तुकडा निव्वळ चढाचा, तीनशे मीटरहून जास्त उंचीचा. तीन वर्षं झाली, मी तो सायकलवर चढतो आहे.

त्याआधी वीस वर्षं स्कूटर होती आणि सायकल फक्त रविवारची. पन्नाशी ओलांडल्यावर उजवा गुडघा कुरकुरू लागला. कूर्चा झिजली आहे, सायकल जरूर चालवा पण पायडलवर जोर देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. घाटाच्या पायथ्याशी घर आणि माथ्यावर नोकरी असलेल्या माणसाने जोर न देता सायकल चालवायची तर मदतीला कुणीतरी हवं. नवी इलेक्ट्रिक सायकल घेण्याऐवजी मी माझ्या जुन्या सायकललाच क्रँकपाशी, म्हणजे पायडलच्या दांड्यांपाशी, बसणारी मोटर लावायचं ठरवलं. या सायकलच्या फ्रेमची उंची, सीट, हँडल सगळं अंगाला बसलेलं होतं. ते सोडवेना.

राजवाड्याजवळच्या आमच्या मिस्त्रींनी असं किट तोवर पाहिलं नव्हतं, पण सायकल त्यांना पोटातून माहीत. पुलर लावून त्यांनी दोन्ही क्रँक काढले आणि बीबीचा, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाचा, उजवा कप सोडवायला मोठा पान्हा घेतला. मी शेजारी उभा. पान्हा ते उलट्या दिशेला फिरवताहेत असं वाटून मी हात पुढे केला.

"थांबा सर," ते म्हणाले, "उजवीकडचा कप उलट्या आट्याचा असतोय. नव्या पोरांना ठावं नसतंय. पाइप घालून जोर लावत्यात आन् आटं खलास करत्यात."

पायडल फिरवता फिरवता कप आपोआप सैल पडू नये म्हणून ही उलट्या आट्यांची योजना. सुटलेला कप त्यांनी रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, नळीच्या आतलं कित्येक वर्षांचं काळं ग्रीस चिंधीने पुसून काढलं, आणि उजव्या बाजूने मोटर आत सरकवली. मोटरचा आस फ्रेमच्या त्याच भोकातून आरपार जातो. डाव्या बाजूला त्यावर दाते असलेली एक पोलादी पट्टी बसते आणि ती पट्टी एक मोठी रिंग आवळून धरते. त्या रिंगला लॉकरिंग म्हणतात. चार किलोची मोटर सायकलला धरून ठेवण्याची सगळी भिस्त या रिंगवर. हे वाक्य मी आता सहज लिहितो, पण त्याचा अर्थ कळायला मला एक पूर्ण पावसाळा लागला.

मोटर चाकाच्या तुंब्यातही बसवता येते. ती स्वस्त, बसवायला सोपी, आणि सपाट गावात उत्तम काम देते. पण तुंब्यातल्या मोटरचा वेग चाकाच्या वेगाला बांधलेला असतो. चढावर चाक मंदावलं की तीही मंदावते, आणि मंद फिरणारी मोटर विजेतून काम कमी आणि उष्णता जास्त काढते. क्रँकवरची मोटर साखळी ओढते, म्हणजे सायकलचे सगळे गिअर तिलाही मिळतात. कल्पना जुनी आहे. बॉस्टनच्या होसिया लिबी यांनी १८९७ मध्ये क्रँकच्या आसाभोवती मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं होतं. जपानमध्ये यामाहाने १९९३ मध्ये पायडलला साथ देणारी सायकल बाजारात आणली, तिचीही मोटर क्रँकपाशीच होती.

पण गिअर मिळतात याचा दुसरा अर्थ असा की ते बदलावे लागतात, आणि नीट बदलावे लागतात. पहिला महिना मी मोटरच्या जिवावर मधल्याच गिअरमध्ये घाट चढत होतो. पाय मिनिटाला चाळीस फेऱ्या घेत, मोटर कण्हत असे, आणि माथ्यावर पोचल्यावर तिच्या आवरणावर हात ठेववत नसे. गुडघाही दुखायचाच. मग एक दिवस मिनिटाच्या फेऱ्या मोजायला लागलो. सर्वांत हलका गिअर, पुढे ४४ दाते आणि मागे ३४, पायांच्या मिनिटाला सत्तर फेऱ्या: वेग ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास राहतो आणि मोटर गुणगुणते. हीच ती गुणगुण. तिचा सूर खाली उतरला की समजायचं, एक गिअर हलका करायला हवा. आता माथ्यावर आवरणाला हात लावतो तेव्हा ते चहाच्या कपाइतकं कोमट असतं. गुडघ्यावर भार पडत नाही, दम मात्र भरपूर लागतो. घाम येतो. मोटर लावून सायकल चालवणं म्हणजे फसवाफसवी, असं म्हणणाऱ्यांना मी एकदा माझ्या मागे घाट चढायला बोलावतो.

गिअर बदलताना आणखी एक गोष्ट शिकावी लागते. पाय थांबवले तरी मोटर क्षणभर ओढत राहते. त्याच क्षणी गिअर टाकला तर सगळा जोर अर्धवट चढलेल्या साखळीवर येतो आणि दात्यांवरून खाडकन आवाज निघतो. दुसऱ्याच आठवड्यात माझी साखळी अशी तुटली. म्हणून आता ब्रेकचा दांडा अगदी नखभर दाबायचा, त्यातल्या स्विचने मोटर तत्काळ बंद होते, पाय हलकेच फिरवत गिअर टाकायचा, साखळी बसली की ब्रेक सोडायचा. वाचायला वेळ लागतो तेवढाही वेळ हे करायला लागत नाही. पण हाताला सवय व्हायला दोन महिने गेले.

साखळी हाच या सोयीचा खरा खर्च. माझ्या पायांचा आणि मोटरचा, दोघांचा जोर तीच वाहते. त्यातून मोटरच्या गिअरबॉक्समुळे पुढचं चक्र थोडं बाहेर सरकलेलं असतं, म्हणून घाटात साखळी सदैव तिरकी चालते. दर दुसऱ्या रविवारी मी साखळी पुसतो, तेल देतो आणि शाळेतली पोलादी पट्टी लावून मोजतो. एका पिनेच्या मध्यापासून १२ इंच. नवी साखळी असेल तर बारा इंचांच्या खुणेवर बरोबर पिनेचा मध्य येतो. पिन खुणेच्या सोळांश इंच पुढे गेली की साखळी बदलायची, नाहीतर ती दात्यांना खाऊन टाकते. पूर्वी माझी साखळी साडेतीन हजार किलोमीटर चालायची, आता दोन हजारांच्या आत बदलावी लागते. हा हिशेब किट घेण्याआधी कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

लॉकरिंगचं प्रकरण पहिल्या ऑगस्टमधलं. घाटात धुकं, समोरचं वीस पावलांवरचं दिसत नव्हतं. खड्ड्यांवरून जाताना खालून टक् असा आवाज येऊ लागला. मला वाटलं पायडल सैल असेल. तिसऱ्या वळणावर जोर देताच मोटर वर उचलली जाऊन फ्रेमच्या खालच्या दांड्यावर आदळली आणि जोर सोडताच पुन्हा खाली लोंबली. उतरून पाहिलं तर रिंग जवळजवळ दोन फेरे सुटली होती आणि मोटरची वायर ताणून दोरीसारखी झाली होती. आणखी दोन खड्डे, की ती तुटलीच असती. रिंग आवळायचा खास पान्हा घरी राहिला होता. पावसात सायकल हाताने ढकलत मी खाली आलो.

मिस्त्रींनी पट्टीचे दाते पाहिले, फ्रेमवर त्या दात्यांनी पाडलेल्या खुणा बोटाने चाचपल्या. रिंग काढून आटे घासून कोरडे केले, पुन्हा आवळली. मग कोपऱ्यातला ऑइल पेंटचा डबा उघडून काडीने रिंगवरून खालच्या पट्टीवर आणि तिथून फ्रेमवर अशी एक सरळ पांढरी रेघ ओढली. "रेघ तुटली की सुटायला लागली म्हणायचं," ते म्हणाले. ट्रकच्या चाकांच्या नटांवर अशा खुणा केलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. माझ्या विज्ञानाच्या पदवीला जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं. यंत्राशी असं वागणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, आणि त्यांच्या दुकानांना आज गिऱ्हाईक कमी होत चाललं आहे याचं वाईट वाटतं.

बॅटरीत मात्र मी फसलो. विकणाऱ्याने ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास असं लिहून दिलं होतं. गुणाकार केला तर ५०४ वॅट-तास. घाटातल्या चढावर मोटरच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा भराभर उतरायच्या, माथ्यावर सपाटी आली की त्यातल्या दोन परत यायच्या. भार पडला की व्होल्टेज दबतं, हे मला ठाऊक होतं, त्यामुळे बरेच दिवस संशय आला नाही. शेवटी बॅटरी पूर्ण उतरवली, चार्जर भिंतीतल्या वीज मोजणाऱ्या मीटरला जोडला आणि ४२ व्होल्टपर्यंत भरेपर्यंत वाट पाहिली. मीटरने ०.४१ युनिट दाखवलं. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज वजा केली तर बॅटरीत दहा अँपिअर-तासांच्या वर काही नव्हतं. चौदा असते तर निदान ०.५७ दिसायला हवं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. दुसरी बॅटरी घेताना मी आधी मोजणी करू देण्याची अट घातली. ती अट मान्य करणारा विक्रेता शोधायला दीड महिना लागला, पण सापडला.

हाच हिशेब मी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. ऊर्जेचा धडा आला की सायकल वऱ्हांड्यात उभी करायची. मी, दप्तर आणि सायकल मिळून शंभर किलो. तीनशे मीटर उंची. शंभर गुणिले ९.८ गुणिले ३००, म्हणजे २ लाख ९४ हजार ज्यूल, भागिले ३६००, म्हणजे जवळपास ८२ वॅट-तास. रस्त्याचं घर्षण आणि मोटरमधला अपव्यय वेगळा. यातला माझ्या पायांचा वाटा किती, हे मुलं काढतात. दरवर्षी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, उतारावर चार्ज होते का?" नाही. क्रँकवरच्या या मोटरचा सांधा एकाच दिशेने ओढतो आणि मागचं फ्रीव्हीलही तसंच, त्यामुळे उतरताना चाकाचा जोर मोटरपर्यंत पोचतच नाही. ती सगळी ऊर्जा ब्रेक पॅडमध्ये तापून जाते. पावसाळ्यात मला दर दोन महिन्यांनी पॅड बदलावे लागतात. कास पठारावरच्या गावांतली ही मुलं घाटाचा उतार रोज पाहतात, त्यांना हे चटकन कळतं.

वरच्या वर्गातली मोठी मुलं आणि गावातले तरुण दुसरंच विचारतात: वेगाची मर्यादा काढता येते का? सेटिंगमध्ये आकडा बदलता येतो, हे खरं आहे. मी तो बदललेला नाही आणि बदलणार नाही. आपल्या मोटार वाहन नियमांत अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीची साथ आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी मोटर असेल तरच ती सायकल राहते. त्यापुढे गेली की ती नोंदणी, विमा आणि परवाना लागणारं वाहन होते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सायकलचे ब्रेक, चिमटा आणि रिम त्या वेगासाठी केलेले नाहीत. यवतेश्वरच्या वळणांवर ताशी चाळीसने जाणाऱ्या सायकलीची मला भीती वाटते.

परवा पुन्हा नवी साखळी चढवली. पडद्यावर ९,२०० किलोमीटर आहेत. गुडघा पूर्वीसारखा झालेला नाही, पण जिना उतरताना आता कठडा धरत नाही. रोज निघताना मी चाकातली हवा दाबून पाहतो, आणि मग खाली वाकून डाव्या क्रँकच्या मागे बघतो. तुमच्या सायकललाही अशी मोटर असेल तर पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ लॉकरिंगवरून फ्रेमपर्यंत आजच ओढून ठेवा, आणि तो खास पान्हा घरी ठेवू नका, पिशवीत ठेवा.