सुती शर्टावरचे चित्र टिकते कसे?

गणेशोत्सव, शिवजयंती, भीमजयंती किंवा शाळेचा कबड्डी संघ, काहीही असले तरी हल्ली आधी टी-शर्ट छापायचे ठरते. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावातही हे काम एका खोलीत होऊ शकते. एक हीट प्रेस, छापलेल्या फिल्मची थप्पी आणि विजेची जोडणी असली की सुरुवात होते. पण चार धुण्यांत चित्राच्या कडा सुटल्या की गिऱ्हाईक परत येते, ते भांडायलाच. पन्नास शर्टांची ऑर्डर बिघडली तर कोऱ्या शर्टांचे पैसेही छापणाऱ्याच्या अंगावर पडतात. म्हणून हे चित्र कापडावर बसते कसे, हे छापणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही समजून घेतलेले बरे.

अर्धापूर हा केळीचा आणि हळदीचा मुलूख. हळदीचा डाग सुती सदऱ्यावरून जाता जात नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. हळदीतला कुर्क्युमिन हा रंग कापसाच्या तंतूला आपण होऊन धरून बसतो. त्याला तुरटीसारख्या रंगबंधकाचीही गरज लागत नाही. तो उन्हाने उडतो, पण पापुद्रा होऊन सुटत नाही, कारण तो धाग्यात मुरलेला असतो. ट्रान्स्फरचे नेमके उलट आहे. तिथे रंग गोंदाच्या पातळ थरासह कापडावर चिकटतो. थोडक्यात, हळद कापसात शिरते आणि ट्रान्स्फर कापसावर बसते.

मग खेळाडूंच्या जर्सीवरची छपाई हाताला लागतसुद्धा नाही, ती कशी? ती जर्सी पॉलिएस्टरची असते आणि छपाई सब्लिमेशनची. कापूर जसा न वितळता उडून जातो, तसा कागदावरचा हा रंग सुमारे २०० अंश सेल्सिअसला वायुरूप होतो, उष्णतेने सैल झालेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो आणि धागा थंड झाला की आतच अडकतो. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. तो उष्णतेने असा सैल होत नाही, फार तापवला तर करपतो. त्यामुळे या रंगाला तिथे थारा मिळत नाही आणि धुताना चित्र फिके पडते.

म्हणून सुती कापडासाठी गोंदाचा मार्ग घ्यावा लागतो. सध्या डीटीएफ नावाची पद्धत जोरात आहे. प्लास्टिकच्या फिल्मवर चित्र उलटे छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात आणि ओल्या शाईवर चिकट पावडर भुरभुरून ती उष्णतेने वितळवून घेतात. ही फिल्म शर्टावर ठेवून गरम प्लेटने दाबली की गोंद पुन्हा वितळतो, धाग्यांच्या फटींत उतरतो आणि थंड होताना घट्ट धरतो. पांढऱ्या थरामुळे काळ्या शर्टावरही रंग खुलतात. फिल्म छापण्याचे यंत्र महाग असते. म्हणून पुष्कळ जण फिल्म बाहेरून छापून आणतात आणि आपल्याकडे फक्त दाबतात.

या दाबण्यातच सारे आहे. उष्णता, दाब आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. डीटीएफसाठी साधारण १५० ते १६० अंश आणि १० ते १५ सेकंद लागतात. नेमका आकडा मात्र फिल्म देणाऱ्याकडून घ्यावा. उष्णता कमी पडली तर गोंद पुरता वितळत नाही, जास्त झाली तर कापड पिवळे पडते. शिवण, बटण किंवा खिसा मध्ये आला तर प्लेट उचलली जाते आणि दाब सारखा बसत नाही. हातमागाच्या जाडसर खादीवर तर गोंद उंचवट्यांनाच धरतो, खाचा रिकाम्या राहतात.

चौथी गोष्ट ओलावा. कोरड्या वाटणाऱ्या सुती शर्टातही वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असते. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसते. प्लेट खाली आली की या पाण्याची वाफ होते आणि ती गोंदाला नीट बसू देत नाही. म्हणून नुसता शर्ट आधी तीन ते पाच सेकंद दाबून घ्यावा. पावसाळ्यात हे विसरू नये. कोऱ्या कापडाला खळ असेल तर गोंद धाग्याऐवजी खळीला धरतो. पुढे धुण्यात खळ जाते आणि तिच्याबरोबर चित्रही.

विजेकडेही लक्ष हवे. दीड-दोन किलोवॅटची प्लेट कमी व्होल्टेजवर हळू तापते. घाईने एकामागून एक शर्ट दाबले तर ती निवत जाते. मग पहिला शर्ट टिकतो आणि विसावा सोलून निघतो. आकडा पुन्हा चढेपर्यंत थांबावे. बहुतेक फिल्म पूर्ण थंड झाल्यावरच सोलायच्या असतात. त्यानंतर वर बटर पेपर ठेवून पुन्हा काही सेकंद दाबले की पकड पक्की होते. मोठी ऑर्डर असेल तर आधी एक शर्ट छापून धुऊन पाहावा. एक शर्ट गेला तरी एकोणपन्नास वाचतात.

कापड सुती आहे की नाही, याची शंका असेल तर आतल्या शिवणीजवळच्या कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात.

घेणाऱ्यानेही थोडे पथ्य पाळावे. छापल्यावर एक दिवस तरी शर्ट धुऊ नये. धुताना तो उलटा करावा, पाणी गार असावे, चित्रावर ब्रश घासू नये आणि शर्ट दगडावर आपटू नये. इस्त्रीही उलट्या बाजूने फिरवावी, कारण जो गोंद उष्णतेने बसला तो उष्णतेनेच सुटू शकतो. ही चार वाक्ये छापणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून प्रत्येक शर्टाबरोबर दिली, तर दुकानासमोरची निम्मी भांडणे आपोआप मिटतील.