परक्या गावातले रविवार

बदलीचा आदेश आणि परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. एक हाती पडताच घरात शांतता पसरते, तर दुसरे येताच पेढे वाटले जातात. परंतु दोन्हींच्या पोटी एकच प्रश्न दडलेला असतो : ज्या गावात आपले कोणी नाही, तेथे दिवस कसे काढायचे? कामाच्या वा अभ्यासाच्या दिवसांचे उत्तर कार्यालय आणि महाविद्यालय देते. सुट्टीच्या दिवसाचे उत्तर मात्र ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

एका सत्रापुरते, म्हणजे चार-सहा महिन्यांसाठी, परदेशी विद्यापीठात शिकण्याची प्रथा आता आपल्याकडेही रुजली आहे. युरोपात १९८७ साली ‘इरॅस्मस’ योजनेने या देवाणघेवाणीला व्यवस्थित रूप दिले. आमच्या भिलाईच्या शाखेतही अशा विद्यार्थ्यांचे पालक येतात. शुल्क कसे भरावे, परकीय चलनाचे कार्ड कसे घ्यावे, महिन्याला किती रक्कम पुरेल, हे सारे ते बारकाईने विचारून घेतात. ‘सुट्टीच्या दिवशी एकटा काय करेल हो तो तिकडे?’ हा प्रश्न मात्र शेवटी, खुर्चीवरून उठता उठता, बहुधा आई विचारते. बँकेच्या कोणत्याही माहितीपत्रकात याचे उत्तर नाही. मला स्वतःला जे उत्तर भिलाईने दिले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

माझे सहा महिन्यांचे सत्र

पुण्याहून भिलाईला बदली झाली, तेव्हा मुलीच्या शाळेमुळे कुटुंब मागे राहिले. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. पण दुर्ग ते पुणे हा प्रवासच जवळजवळ एका दिवसाचा. दोन दिवसांच्या सुट्टीत घर गाठणे व्यवहार्य नव्हते. रविवारी रात्री घरी दूरध्वनी होई. ‘जेवलात का?’, ‘हो.’ ‘अभ्यास झाला का?’, ‘हो.’ दोन मिनिटांत बोलणे संपे. अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते तसे ते संभाषणातल्या शांततेतही मोजता येते, हे त्या दिवसांत उमगले. सांगण्यासारखे काही हवे असेल, तर आधी काही पाहिले पाहिजे, असा साधा हिशेब करून मी पहिल्या महिन्यापासूनच सुट्टीला घराबाहेर पडू लागलो.

सुरुवात राजनांदगावपासून केली. दुर्गहून रेल्वेने हे अंतर तीसेक किलोमीटरचे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अध्यापन करीत होते. हिंदी कवितेतील या थोर कवीची मातृभाषा मराठी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील मान्यवर कवी. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांत मोठे झाले. १९६४ साली गजानन माधव यांचे निधन झाले आणि त्यांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाच्या परिसरात, तळ्याच्या काठी, त्यांचे स्मारक आहे. परक्या प्रांतात राहणे म्हणजे आपले काही गमावणेच असते, ही समजूत त्या काठावर बसले असता हळूहळू सैल होत जाते.

राजनांदगावहून चाळीसेक किलोमीटरवर खैरागढ आहे. १९५६ साली तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा त्यासाठी दिला आणि दिवंगत राजकन्येचे नाव विद्यापीठाला लाभले. पं. भातखंडे यांचे शिष्य, मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्रारंभीच्या काळात तेथे कुलगुरुपद भूषविले.

पुढे रतनपूर पाहिले. बिलासपूरहून पंचवीस किलोमीटरवर वसलेली ही कलचुरींची जुनी राजधानी. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या सेनापतीने, भास्करपंतांनी, १७४१ साली ती जिंकली. नंतर रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी येथे राहून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. टेकडीवरील त्यांनी बांधविलेल्या राममंदिराच्या जागेला ‘रामटेकरी’ म्हणतात. नाव ऐकताच नागपूरकराला रामटेक आठवावे. सिरपूरला मात्र मन निःशब्द होते. सातव्या शतकातील तेथील लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. राणी वासटेने आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या, स्मरणार्थ ते उभारले. तेराशे वर्षांहून अधिक काळ त्या विटा उभ्या आहेत. १९५० च्या दशकात येथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हेही मराठीच.

पंचांगातला एक धडा

स्थळदर्शनाने ज्ञान वाढते. पण माणूस बदलतो तो लोकांत मिसळल्याने. आषाढातील अमावास्येला आपल्याकडे दिव्यांची पूजा होते. त्याच दिवशी छत्तीसगढमध्ये ‘हरेली’ साजरी होते आणि शेतकरी नांगर, कुदळ अशा अवजारांची पूजा करतात. तेथील लोक मात्र तिला श्रावणाची अमावास्या म्हणतात. याचे कारण असे, की आपला महिना अमावास्येला संपतो, तर त्यांचा पौर्णिमेला. दिवस तोच, चंद्रही तोच. मोजण्याची रीत निराळी. महिन्याभराने येणारा त्यांचा ‘पोरा’ हा तर आपला पोळाच. त्यानंतर तीजा येते आणि विवाहित लेकी माहेरी निघतात.

ही माहिती कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडेल, असे कोणी म्हणेल. परंतु एका रविवारी खेड्यातल्या ओसरीवर बसून ती ऐकल्यानंतर सोमवारी शाखेतला व्यवहार निराळा दिसू लागतो. तीजेच्या आधी बचत खात्यातून लहान लहान रकमा काढण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायाबापड्यांच्या हातातली ती रक्कम लेकीच्या लुगड्याची आहे, हे कळते. मग पैसे देताना हात आपोआप जरा लवकर चालतो. छत्तीसगढीत दोन शब्द बोलता आले, की समोरच्या चेहऱ्यावरचा संकोचही कमी होतो. व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग मी केले आहेत. पण असा धडा मला कोणत्याही वर्गात मिळाला नव्हता.

भिलाईची जुनी शिकवण

खरे तर भिलाई हे गावच परदेशी वास्तव्यातून घडलेले आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी सोव्हिएत तंत्रज्ञ येथे येऊन राहिले आणि भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. या स्नेहाची खूण म्हणून उभारलेला मैत्रीबाग आज रविवारी मुलाबाळांनी फुलून जातो.

तिकडे जाऊन आलेले एक वयोवृद्ध निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत आले होते. मी सहज विचारले, ‘‘तेथे रविवारी काय करीत होतात?’’ ते हसले. कारखान्यात दुभाषा सोबत असे, त्यामुळे कामापुरती भाषा भागून जाई. पण रविवारी स्थानकावर तिकीट स्वतःच काढावे लागे. ‘‘रशियन भाषा मी भट्टीपाशी नव्हे, तिकिटाच्या खिडकीपाशी शिकलो,’’ असे ते म्हणाले. सत्रासाठी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगावे, असे हे वाक्य आहे.

जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून अनुभवान्ती पटलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो. आपली मुले-मुली दूर जाणार असतील, तर त्यांनाही त्या उपयोगी पडतील.

पहिली, सहलीसाठी दरमहा ठरावीक रक्कम आरंभीच बाजूला काढावी. उरलेल्या पैशांतून प्रवास करू म्हटले, तर पैसे उरत नाहीत. दुसरी, दूरच्या प्रसिद्ध शहराआधी जवळचे अप्रसिद्ध गाव पाहावे. खर्च कमी होतो आणि माणसे अधिक भेटतात. तिसरी, दर सुट्टीला गाव सोडण्याचा अट्टाहास नको. महिन्यातला एखादा रविवार आपल्याच गल्लीतील बाजारात, शेजाऱ्यांच्या सहवासात घालवावा. चौथी, परतीच्या गाडीची वेळ आणि आपला ठावठिकाणा घरच्यांना कळविलेला असावा. पाचवी, त्या दिवशी पाहिलेले रात्री चार ओळींत लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी छायाचित्रे शेकडो असतात. आठवणी मात्र लिहिलेल्याच टिकतात.

खर्चाच्या बाजूला माझ्या वहीत रेल्वे व बसभाडे, नाश्ता आणि चपलांचा एक जोड एवढेच आहे. जमेची बाजू अशी आकड्यांत मांडता येत नाही. तरी एक नोंद करता येईल. रविवार रात्रीचा तो दोन मिनिटांचा दूरध्वनी आता अर्धा तास चालतो. मुलीने छत्तीसगढचा नकाशा भिंतीवर लावला आहे आणि मी पाहिलेल्या गावांभोवती ती लाल वर्तुळे काढते. सिरपूरच्या विटा इतकी वर्षे कशा टिकल्या, याचे उत्तर तिला अजून मिळालेले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन ती स्वतःच पाहणार आहे.

तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी परगावी, परदेशी निघाली, तर पैशांच्या तजविजीबरोबर रविवारचीही थोडी तजवीज करून द्यावी. अभ्यासक्रम पुरा झाल्याचे प्रमाणपत्र विद्यापीठ देईलच. परक्या माणसांत आपले माणूसपण शाबूत ठेवण्याची परीक्षा मात्र त्या सुट्टीच्या दिवशीच होत असते.