पॅनिक अटॅक : भीतीचा झटका, खरा त्रास

अप्पर डेपोहून स्वारगेटला निघालेल्या भरगच्च पीएमपी बसमध्ये अचानक छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो आणि आता आपले काही खरे नाही असे वाटते. हा पॅनिक अटॅक (तीव्र भीतीचा अचानक आलेला झटका) असू शकतो. तो साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो.

दिवाळीत फटाका फुटला की सोसायटीतल्या गाडीचा अलार्म वाजतो. चोर नसतो, पण आवाज खराच असतो. शरीराचेही तसेच. धोका नसताना ॲड्रेनलिन (संकटात शरीराला सज्ज करणारे संप्रेरक) वाढते. श्वासाचा वेग वाढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो; मुंग्या आणि चक्कर प्रामुख्याने त्यामुळेच येतात.

म्हणून ‘मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर’ एवढे सांगून भागत नाही. कागदी पिशवीत श्वास घेणेही टाळावे. दमा किंवा हृदयविकार असल्यास ते धोक्याचे ठरते. त्याऐवजी चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा मोजत सावकाश सोडावा.

छातीतले दुखणे पहिल्यांदाच होत असेल किंवा कळ हातात, जबड्यात जात असेल, तर अंदाज बांधत बसू नये. १०८ ला फोन करावा, रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा.

झटके वारंवार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. विचार-वर्तन उपचाराने (भीती वाढवणारे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत) आणि गरजेनुसार औषधांनी चांगला फरक पडतो. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.