लाल मणी सरकला की न्यूमोनिया

फुफ्फुसाचा दाह ओळखायला डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, एक्स-रे काढतात, रक्त तपासतात. आडगावात यातले काय हाताशी असणार? तिथे खोकणाऱ्या बाळाचे श्वास मोजतात. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाचा संशय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दायांसाठी मण्यांचे साधन बनवले: दहा श्वासांना एक मणी, शेवटचा मणी लाल, आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, की न्यूमोनिया. श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जात असेल, तर मात्र मोजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.