पेशींतील हमाल आणि त्यांचा लगाम



आपण पायाचा अंगठा हलवितों, तेव्हां त्याचा हुकूम ज्या मज्जापेशीकडून येतो तिचें मुख्य शरीर पाठीच्या कण्यांत असतें. तेथून तिचा तंतु पायापर्यंत, म्हणजे सुमारें एक मीटर, गेलेला असतो. तंतूच्या टोकास लागणारा बहुतेक माल मात्र त्या मुख्य शरीरांतच तयार होतो. हा माल नुसता झिरपत जाऊं लागला, तर पोंचावयास शतकें लोटतील. प्रत्यक्षांत जलद वाहतुकीचा माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर वाट चालून तीन ते पांच दिवसांत मुक्कामीं पोंचतो. हें घडतें कसें?

पेशींत सूक्ष्मनलिकांचे मार्ग पसरलेले असतात, आणि त्यांवरून प्रथिनांचे हमाल ओझीं घेऊन चालतात. कायनेसिन जातीचे बहुतेक हमाल माल टोकाकडे नेतात. डायनीन तो माघारीं आणतें. १९८५ सालीं अमेरिकेंत रोनाल्ड वेल, थॉमस रीझ व मायकेल शीट्झ यांनीं नळमाकुलाच्या जाड मज्जातंतूंतून कायनेसिन वेगळें काढलें. तें दोन पायांवर चालतें. एका मिलिमीटरांत त्याचीं सव्वा लाख पावलें मावतील, आणि दर पावलास एटीपी या इंधनाचा एक रेणु खर्ची पडतो.

आतां, ओझें नसतांहि हे हमाल धांवत सुटले, तर इंधन व्यर्थ जाईल आणि सगळे मार्गाच्या एका टोकाशीं जाऊन गर्दी करतील. म्हणून पेशीनें त्यांस लगाम घातला आहे. रिकामें कायनेसिन कमरेंत वांकून घडी घालतें; त्याचें शेपूट पायांस बिलगून त्यांस अडवून धरतें. ओझें, किंवा ओझें बांधणारें प्रथिन, शेपटास येऊन चिकटलें कीं घडी उलगडते आणि चाल सुरू होते. म्हणजे ओझें हाच हुकूम! डायनीनचे दोन अवयव विश्रांतींत एकमेकांस भिडून अडकलेले असतात. लिस-१ नांवाचें प्रथिन ती मिठी सोडविण्यास साह्य करतें. पुढें डायनॅक्टिन आणि ओझ्याशीं जोडणारा दुवा हे दोन्ही भेटल्यावांचून सस्तन प्राण्यांचें डायनीन लांबचा पल्ला गांठीत नाहीं.

शिवाय मार्गावरहि पहारा असतो. टाउ हें प्रथिन सूक्ष्मनलिकेस चिकटलेलें असलें, तर तेथें कायनेसिन सहज सुटून पडतें; डायनीन मात्र बहुधा त्यांतून वाट काढतें.

ही व्यवस्था बिघडली तर काय होतें? गर्भांत मेंदू घडत असतां नव्या मज्जापेशींना आपलें केंद्रक ओढीत पृष्ठभागाकडे जावें लागतें, आणि त्या ओढण्यांत डायनीनचा मोठा वांटा असतो. लिस-१ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एक जरी निकामी झाली, तरी हा प्रवास अडखळतो. मेंदूवर नेहमींच्या वळ्या पडत नाहींत. बालकास झटके येतात, बुद्धीची वाढ खुंटते. या जनुकाचा शोध १९९३ सालीं लागला. उलट, केआयएफ-१-ए या कायनेसिनांतील कांहीं दोषांनीं लगामच सुटतो. हमाल अधिक उत्साहानें चालतात, तरीहि रोग्याचे पाय ताठरून चालणें अवघड होतें, असें २०१९ सालीं दिसून आलें.

तात्पर्य, पेशीस हमालांचें बळ जितकें हवें, तितकेंच त्यांचें थांबणेंहि हवें. लगाम सुटला तरी हानि, आणि तो सैल करणारा हात नाहींसा झाला तरीहि हानि.