इंजिनाची कैफियत

‘आवाज काहीतरी वेगळा येतो,’ एवढीच तक्रार वैमानिकाने नोंदवली, तर यंत्रज्ञाच्या तपासाला तिचा काडीचाही उपयोग नसतो. तो आवाज इंजिन थंड असताना आला की तापल्यावर, मिनिटाला किती फेरे होत असताना आला, हेही त्या जबानीत आले पाहिजे.

विमानविद्यालयांतून सर्रास दिसणाऱ्या सेस्ना १७२ ह्या विमानाला १९६८ पासून लायकॉमिंगचे चार सिलिंडरांचे इंजिन मिळाले. ते मिनिटाला २,४०० फेरे घेत असता सेकंदाला ८० वेळा इंधन पेटते आणि दोन पात्यांचा पंखाही तितक्याच वेळा हवा कापतो, म्हणून दोन्ही ध्वनी मिसळून एकच गंभीर, अखंड नाद कानी पडतो. एक सिलिंडर निकामी झाला, की त्या नादात सेकंदाला २० खंड पडू लागतात. ते मोजता येत नाहीत, पण सरावलेल्या कानाला आणि आसनावर टेकलेल्या पाठीला तत्काळ जाणवतात.

सकाळी सुरू होताच इंजिन अडखळावे आणि तापल्यावर सुरळीत चालावे, हे लक्षण मला सर्वांत फसवे वाटते. पुष्कळदा एक्झॉस्ट व्हॉल्वची दांडी काजळीमुळे आपल्या गाइडमध्ये अडकत असते. तापल्यावर ती सुटली, म्हणून विमान निर्धास्तपणे आकाशात नेणे हा अक्षम्य अविचार होय, कारण तोच व्हॉल्व उड्डाणात घट्ट रुतला तर पुशरॉड वाकून तो सिलिंडर बंद पडू शकतो.

प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. खडखड एकाच मॅग्नेटोवर होत असेल, तर दोष बहुधा ठिणगीच्या व्यवस्थेत असतो, आणि त्याच मॅग्नेटोवर इंजिन थोडे चालवून थांबवल्यास ज्याचा एक्झॉस्ट पाइप थंड राहिला तो सिलिंडर अपराधी ठरतो. मात्र इंधनाचे अकाली भडकणे, जे मोटारीत टकटक करून आपली वर्दी देते, ते विमानात पंख्याच्या गर्जनेखाली बुडून जाते. तेथे सिलिंडरच्या तापमानाचा काटाच पाहावा लागतो.

शेवटची खातरजमा बंद इंजिनावर होते. ८० पौंड दाबाची हवा सिलिंडरात सोडून यंत्रज्ञ फुसफुस कोठून येते ते ऐकतो: कार्ब्युरेटरकडून आली तर इंधन आत घेणारा व्हॉल्व गळतो, तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा. रिंगांजवळची थोडी गळती स्वाभाविक आहे. एक्झॉस्ट पाइपातून फुसफुस आली, तर बोरस्कोप आत घालून व्हॉल्वची कड जळली आहे काय, हे पाहिल्यावाचून विमानाला उड्डाणाचा दाखला देऊ नये.